आम्ही काय धर्मशाळा उघडली आहे?

वाफाळता_चहा
काउचसर्फिंग, म्हणजे अनोळखी प्रवाशांना घरी फुकट ठेवून घेणाऱ्यांची साइट, तिच्याबद्दल काल नकाशा_वेडा यांनी इथे लिहिलं: "मुंबईत ४० यजमानांना विनंती पाठवली. तिघांचं उत्तर आलं, तेही नकाराचं. अतिथी देवो भव फक्त भिंतीवर लावायला." वाचून सकाळचा चहा कडू झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मुलुंड पूर्वेला वन बीएचकेत राहते. २०१२ ते २०१९ या काळात काउचसर्फिंगवरून आलेले तीसेक जण आमच्या हॉलमध्ये झोपून गेले. आमचा सोफा-कम-बेड उघडला की टीपॉय गॅलरीत जातो आणि गॅलरीतला कपड्यांचा स्टँड बेडरूममध्ये. सासूबाई पहाटे साडेचारला पाणी भरायला उठतात, स्वयंपाकघरात जायला पाहुण्याचे पाय ओलांडावे लागतात. एकदा एक पोलिश मुलगा दचकून उठून बसला. सासूबाई म्हणाल्या, "झोप रे बाळा, पाणी आलंय." दुसऱ्या दिवशी साडेचारला तो पिंपापाशी उभा!

असे आले तसे "डियर राहुल" लिहिणारेही आले. आमच्या घरात राहुल नाही. चार दिवस जेवून "जागा लहान आहे" असा अभिप्राय देऊन गेलेली एक बाईही आली. जागा लहान आहे हे मी प्रोफाइलवर स्वतःच लिहिलं होतं हो!

२०११ मध्ये त्या साइटची नफ्यासाठीची कंपनी झाली, मे २०२० पासून बऱ्याच देशांतल्या सदस्यांकडून वर्गणी सुरू. म्हणजे सोफा माझा, पोहे माझे आणि पैसे त्यांना. मी नाव काढलं. तेव्हा साहेब, ४० जणांपैकी किती जणांचं प्रोफाइल तुम्ही वाचलं होतंत?

नकाशा_वेडा
ताई, मी कोल्हापूरचा. आमच्या जुन्या घरात माडीवरची खोली पाहुण्यांसाठीच आहे, आजवर १७ जण राहून गेले. त्यांच्याकडून परत काही मिळावं म्हणून नाही. ज्याच्याकडे राहिलो त्यालाच फेडायचं नसतं, पुढच्याला द्यायचं असतं, यावरच हे चालतं. जॉर्जियातल्या तिबिलिसीत एका आज्जींनी तिसऱ्या मिनिटाला घराची किल्ली हातात ठेवली होती. भाषा शून्य. मुंबईत मराठी बोलूनही दार उघडत नाही, एवढंच म्हणायचं होतं. चौरस फूट मोजून पाहुणचार होत नाही.

वाफाळता_चहा
माडीवरची खोली असणाऱ्याने चौरस फुटांवर बोलू नये.

सचिव_नाइलाजाने
मूळ मुद्दा कुणी काढतच नाही. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत एफआरआरओला, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवावं लागतं. लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेललाच नाही, घरालाही. १९४६ च्या कायद्यापासूनची भानगड आहे, २०२५ चा नवा कायदा आला तरी जबाबदारी यजमानावरच. आमच्या विंगमधल्या एकाने कळवलं नाही, तर रात्री अकराला हवालदार कुणाच्या दारात? माझ्या. मी बनियनवर.

आणि "पाहुणे" या शब्दाबद्दल न बोललेलं बरं. रोजच्या भाड्याने फ्लॅट द्यायचा आणि वॉचमनच्या वहीत "मावसभाऊ" लिहायचं. एकाचे महिन्यात नऊ मावसभाऊ, त्यातले दोन ब्राझीलचे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलचं सोसायटीचं शुल्क, मागितले की तोंडावर २००१ चा सरकारी आदेश फेकतात, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही म्हणून. अरे, ते दहा तरी द्या!

वाफाळता_चहा
मी प्रत्येकाचा फॉर्म भरला आहे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, सगळं. तरी आमच्या सचिवांनी जिन्यात गाठून विचारलंच, "मॅडम, हे गोरे लोक तुमचे कोण?" तुमच्यासारख्यांमुळेच लोक दार उघडत नाहीत.

सचिव_नाइलाजाने
माझे वडील १९८० च्या दशकात 'सर्वास' या प्रवाशांना घरोघरी मुक्काम देणाऱ्या संस्थेचे यजमान होते, दादरला, दोन खोल्यांत. मला पाहुण्यांचं वावडं नाही. १९४९ मध्ये डेन्मार्कात निघालेली संस्था, नावही एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेतलं, 'सेवा करतो' अशा अर्थाचं. निघण्याआधी पाहुण्याची मुलाखत, हातात ओळखपत्र, मुक्काम दोन रात्री, तिसरी यजमान म्हणेल तर. फोटो बघून माणूस निवडायची पद्धत नव्हती.

लालबागचा_नातू
तुमचे डेन्मार्क राहू द्या. आमच्या गावकीच्या, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत माझे आजोबा राहिले. दहा बाय बाराची खोली, गिरणीतले पंचवीस गडी, तीन पाळ्या. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. खुंटीला पिशवी, भिंतीला ट्रंका. गावाहून कुणी आला की "कुठला रे?" एवढंच विचारायचे. ना फॉर्म, ना अभिप्राय. खरा फुकट पाहुणचार तो.

डबेवाली_लेक
फुकट? खोलीची वर्गणी महिन्याला भरावी लागायची, दादा. आणि ते पंचवीस गडी जेवायचे कुठे? माझी आजी नायगावला १८ जणांची खानावळ चालवायची. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, तिन्ही पाळ्यांना चूल आजीचीच. वाण्याची उधारी, वर सावकार. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळालं, तेव्हा जरा श्वास घेता आला. १९८२ च्या गिरणी संपात गडी गावी गेले. जायच्या आधी महिनोन्महिने आजीने उधारीवर जेवू घातलं. वही अजून आहे आमच्याकडे. नावापुढे गाव, गावापुढे खाडे. निम्म्या नावांवर काट मारलेली नाही.

तुमच्या कुठल्याही पाहुणचारात एक बाई पहाटे उठलेलीच असते. वरच्या ताईंच्या सासूबाईसुद्धा. त्यांना कुणी विचारलं होतं का?

लालबागचा_नातू
माझ्या आजोबांवर जायचं काम नाही. त्यांनी पै न पै चुकती केली. तुम्हाला काय माहीत संपात आमच्या घरात काय शिजत होतं? भांडी विकली आजीने.

डबेवाली_लेक
आजोबांना चोर नाही म्हटलं. "फुकट" म्हणू नका, एवढंच. गाव कुठलं?

लालबागचा_नातू
देवरूखजवळ.

डबेवाली_लेक
वहीत देवरूखचे चौघे आहेत.

वाफाळता_चहा
सासूबाईंना विचारलं होतं का... खरं सांगते, पहिल्या वेळी नव्हतं विचारलं. नवऱ्याने परस्पर हो म्हटलं आणि मी त्याची री ओढली. आज दुपारी विचारलं. म्हणाल्या, "तो पोलिश परत आला तर चालेल. बाकीचे नकोत."

नकाशा_वेडा
बरं. ४० पैकी ३६ विनंत्या कॉपी-पेस्ट होत्या. झालं समाधान? उरलेल्या चौघांपैकी तिघांनी उत्तर दिलं हेही खरं. पोलिश होता येणार नाही, पण पिंप भरता येतं. कांदा-लसूण मसालाही आणीन, आईच्या हातचा.

वाफाळता_चहा
दोन रात्री. मसाला आधी सासूबाईंना दाखवायचा.

सचिव_नाइलाजाने
कोल्हापूरकराला सी फॉर्म लागत नाही. वॉचमनच्या वहीत मात्र सही करा, आणि कृपया मावसभाऊ लिहू नका.

लालबागचा_नातू
@डबेवाली_लेक, त्या चौघांची नावं बघितलीत का?