मदत हवी आहे: बीमच्या गणितात सपोर्ट रिॲक्शन (आधाराने बीमवर लावलेला जोर) मायनस येते तेव्हा नक्की काय समजायचं?

एक ओव्हरहँगिंग बीम (आधाराच्या पुढे बाहेर आलेली आडवी तुळई) आहे, ए ला हिंज (जागीच धरणारा पण फिरू देणारा आधार), तिथून ४ मीटरवर बी ला रोलर (आडवं सरकू देणारा आधार) आणि पुढे २ मीटर बाहेर आलेला, टोकाला सी वर १० किलोन्यूटनचा पॉइंट लोड खाली आणि ए ते बी मध्ये २ किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल (एकसारखा पसरलेला लोड). ए भोवती मोमेंट (लोड गुणिले अंतर) घेतले, यूडीएलचे ८ मधोमध म्हणजे २ मीटरवर धरून १६, टोकाचे ६०, एकूण ७६, भागिले ४, म्हणजे बी ची रिॲक्शन १९ किलोन्यूटन, वरच्या दिशेने. पण एकूण लोड तर १८ च आहे, म्हणून ए ला वजा १ येतंय! बी भोवती मोमेंट घेऊनही तेच आलं, त्यामुळे आकडेमोड बरोबरच आहे.

आता ए ला हिंज आहे म्हणून तो बीमला खाली ओढून धरू शकतो हे पटतं. पण ए ला नुसता टेकवलेला रोलर आणि बी ला हिंज असेल तर? समीकरणं तर तीच राहतात, मग बीम ए पाशी उचलला जाणार ना? की पुस्तकातला रोलर दोन्ही बाजूंनी धरतो असं मानतात? परीक्षेत अशा वेळी काय लिहायचं, आणि एफबीडी (बीमवरचे सगळे जोर बाणांनी दाखवणारी आकृती) मध्ये ए चा बाण आधीपासूनच खाली दाखवावा का? कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, हे कळल्याशिवाय पुढे ट्रसला (दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्याच्या गणितांना) हात लावावासा वाटत नाहीये.