चर्चा: रुग्णालय बांधायचं तर कार्बनचा हिशेब आधी हवा का?

पायाड
रुग्णालयाच्या इमारतीत पर्यावरणाचा विचार म्हटला की गच्चीवर सोलर आणि आवारात झाडं, इथेच गाडी थांबते. माझं मत स्पष्ट आहे. आराखडा पक्का होण्याआधी जीवनचक्र मूल्यांकन झालंच पाहिजे: साहित्य, वाहतूक, बांधकाम, वापर, दुरुस्ती आणि शेवटचं पाडकाम, सगळ्यांतून होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. त्यातला निम्म्याहून जास्त वायू इंधनातून येतच नाही, चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो. भट्टी विजेवर चालवली तरी तो सुटणारच. आणि स्लॅब ओतून झाल्यावर मोजणी करून काय उपयोग? सर्वात मोठी बचत कमी बांधण्यात आहे. बेसमेंटमधलं पार्किंग घ्या: खोदाई, भूजलाचा उपसा, जाड संरक्षक भिंती, आणि हे सगळं गाड्यांसाठी.

रात्रपाळी
ठाम असहमत. रुग्णालय म्हणजे ऑफिस नव्हे. ओटीतली (शस्त्रक्रियागृहातली) हवा तासाला साधारण २० वेळा बदलावी लागते, आयसीयू कधी बंद होत नाही. इमारत पन्नास वर्षं चालली तर खरा भार एसी, बॉयलर आणि चिलरमधल्या (थंड पाणी पुरवणाऱ्या यंत्रातल्या) वायूचा आहे. तुम्ही पायातल्या काँक्रीटवर अडून बसलात. शिवाय मूल्यांकनापायी काम सहा महिने लांबलं, तर खाट नाही म्हणून परत पाठवलेला रुग्ण तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात येतो?

पायाड
वापरातली ऊर्जा मोठी आहे, मान्य. पण वीज स्वच्छ होत गेली की तो आकडा दरवर्षी उतरेल. सिमेंटचं उत्सर्जन पहिला रुग्ण दाखल होण्याआधीच हवेत गेलेलं असतं. आणि ओटी रिकामी असताना, खोलीचा दाब राखून, हवेचा वेग कमी करता येतो. तशी सोय मात्र डिझाइनमध्येच करावी लागते. रेडिओथेरपीच्या बंकरची, म्हणजे किरणं बाहेर जाऊ न देणाऱ्या खोलीची, भिंत पातळ करा असं मी म्हणत नाही. ती मीटरभर किंवा त्याहून जाड लागतेच. पण बंकर जमिनीखाली घेतला तर बाहेरची माती बरंच काम करते.

सळई
स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून सांगतो, पायाच्या काँक्रीटला २८ दिवसांत पूर्ण ताकद हवी हा हट्ट सोडा. वरचा भार यायला महिने लागतात. ५६ दिवसांची ताकद धरली तर सिमेंटचा मोठा हिस्सा सावकाश ताकद धरणाऱ्या स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतला मळ) किंवा फ्लाय अॅशने (कोळशाची राख) भरून काढता येतो, तोही रुग्णसेवेला धक्का न लावता. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेल्या एलसी३ सिमेंटमध्ये उत्सर्जन ३० ते ४० टक्के कमी होतं. पण ‘कमी बांधा’ला माझा विरोध आहे. उपकरणं दहा-पंधरा वर्षांत बदलतात. मजल्याची उंची आणि भारक्षमता आज काटेकोर कापली, तर नवं एमआरआय बसवायला उद्या भिंती आणि स्लॅब फोडावे लागतील. तिसाव्या वर्षी पाडलेली इमारत कुठल्याच हिशेबात हिरवी ठरत नाही.

निर्जंतुक
शेजारच्या वॉर्डबद्दल कुणीच बोलत नाहीये. जुनी इमारत वाचवून वापरावी हे कार्बनच्या दृष्टीने उत्तम, पण चालू रुग्णालयात छत फोडलं की धुळीबरोबर अॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू उडतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णासाठी ती धूळ जीवघेणी असते. सीलबंद आडोसा, ऋण दाब (धूळ बाहेर जाऊ नये म्हणून आत कमी ठेवलेला हवेचा दाब), अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर आणि जुन्या साहित्यातल्या अॅस्बेस्टॉसची तपासणी हे मूल्यांकनाचं पहिलं पान असायला हवं. तुमच्या तक्त्यात ते परिशिष्टातही दिसत नाही.

रात्रपाळी
याला पूर्ण पाठिंबा. आणखी एक: एकेरी खोल्यांना क्षेत्रफळ जास्त लागतं, पण त्यांनी संसर्ग आटोक्यात राहतो. उद्या कार्बनच्या नावाखाली कुणी त्यांना कात्री लावली तर मी या मूल्यांकनाच्या विरोधात उभी राहीन. वेगळी परवानगी म्हणून तर ते नकोच, आणखी एक फाइल अडेल. कुठला विभाग कुठे, खोल्या किती, हे ठरतं त्याच बैठकीत ते करा, आणि तिथे परिचारिकांना बसवा.

पायाड
वेगळी परवानगी नको, हे पटलं. निर्जंतुक यांचा मुद्दाही पहिल्या पानावर घेऊ. एकेरी खोल्यांना हात लावायचा नाही. आधी बेसमेंट, मग नुसत्या रुबाबासाठी उभारलेलं दुमजली प्रवेशदालन आणि पूर्ण काचेचा दर्शनी भाग. या तिघांवर कात्री चालवायला कुणाची हरकत असेल तर ती ऐकायची आहे.