मदत हवी आहे : सेस्टॅटचा (सीमाशुल्काच्या अपील न्यायाधिकरणाचा) निकाल बाजूने लागूनही सीमाशुल्क विभाग बँक हमी परत देत नाही

नमस्कार. सीमाशुल्काची प्रकरणे हाताळणाऱ्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

घोषित मूल्य कमी असल्याच्या संशयावरून आमचा आयात माल जप्त झाला होता आणि सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ११०ए खाली बंधपत्र व फरकाच्या शुल्काइतकी बँक हमी घेऊन तो तात्पुरता सोडण्यात आला. पुढे मूल्य वाढवून दंड लावणारा आदेश निघाला, तो सेस्टॅटने पूर्णपणे रद्द केला. अपिलासाठी कलम १२९ई नुसार भरलेली साडेसात टक्के रक्कम विभागाने व्याजासह परत केली; हमीचा मूळ दस्तऐवज मात्र अडवून ठेवला आहे.

आधी कारण दिले गेले की सेस्टॅटच्या निकालाविरुद्ध विभागाचे अपील विचाराधीन आहे. मूल्याचा वाद असल्याने कलम १३०ई प्रमाणे ते थेट सर्वोच्च न्यायालयातच जाऊ शकते. पण ते दाखल झाल्याचे किंवा स्थगिती मिळाल्याचे लेखी कोणी देत नाही. वरिष्ठ प्राधिकरणाचा आदेश केवळ मान्य नाही म्हणून अंमलात न आणणे चुकीचे आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने कमलाक्षी फायनान्स प्रकरणात १९९१ मध्येच सांगून झाले आहे. आता नवे म्हणणे असे की कलम २७ खाली परताव्याचा अर्ज करा आणि शुल्काचा भार ग्राहकावर टाकला नसल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र जोडा. ओस्वाल अ‍ॅग्रो मिल्स (१९९४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक हमी देणे म्हणजे शुल्क भरणे नव्हे असे म्हटले आहे. तो वाद उत्पादन शुल्काचा असला तरी तत्त्व येथेही लागू व्हावे, म्हणजे शुल्क भरलेलेच नसल्याने परताव्याच्या अर्जाचा प्रश्नच येऊ नये, असे मला वाटते.

खरी अडचण हमीच्या मुदतीची आहे. मुदत संपत आली की ‘नूतनीकरण करा, अन्यथा रक्कम जमा करा’ असे पत्र थेट बँकेला जाते. मूळ वादाशी बँकेला देणेघेणे नसल्याने ती मागणी होताच पैसे देईल, आणि एकदा पैसे सरकारजमा झाले की ‘हे आता भरलेले शुल्कच आहे, भार हस्तांतरित न झाल्याचे सिद्ध करा’ असे म्हणायला विभाग मोकळा होईल. म्हणून कमिशन भरून आणि मार्जिनची (हमीपोटी बँकेकडे तारण ठेवलेली) मुदत ठेव अडकवून नूतनीकरण करावेच लागते.

हरकत नोंदवून कलम २७ खाली अर्ज केला, तर ती रक्कम शुल्क असल्याचे आम्हीच कबूल केले असे होईल का? आदेशाच्या अंमलबजावणीसाठी सेस्टॅटच्या १९८२ च्या कार्यपद्धती नियमांतील नियम ४१ खाली अर्ज करावा, की राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून हमी वठवण्यास अंतरिम मनाई मागावी? अशा याचिकेत नूतनीकरणाचे कमिशन विभागाकडून वसूल करून मिळाल्याचा कोणाचा अनुभव असल्यास तोही कृपया कळवावा.