शेवट ठाऊक असतानाही नवी प्रेमकादंबरी हातातून सुटत नाही, ती कशामुळे?

पानवेडी

नव्याने प्रसिद्ध होणाऱ्या समकालीन प्रेमकादंबऱ्या हा माझ्या वाचनातला सर्वांत आवडता प्रांत आहे. आवडत्या लेखिकेचे पुढचे पुस्तक कधी येणार हे मला कितीतरी आधीपासून पाठ असते आणि ते हाती आले की बाकीची सगळी पुस्तके बाजूला पडतात. ऐतिहासिक प्रेमकथांतल्या उमरावांपेक्षा मला आजची माणसे जवळची वाटतात. कामाच्या वेळा सांभाळताना दमलेली, आईवडिलांच्या आजारपणात अडकलेली, एका नात्यातून बाहेर पडल्यावर पुन्हा कोणावर विश्वास टाकायला बिचकणारी ही माणसे प्रेमात पडतात, तेव्हा ते प्रेम त्यांना आपल्या रोजच्या दिवसात बसवावे लागते, आणि ते ती कसे बसवतात हे वाचणे मला मनापासून आवडते.

या प्रकारात शेवट आधीच ठरलेला असतो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेने प्रेमकादंबरीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात दोनच अटी आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी असावी आणि शेवट भावनिकदृष्ट्या समाधान देणारा व आशादायी असावा. म्हणजे ती दोघे एकत्र येणार हे वाचक पहिल्या पानापासून जाणतो. तरीही काही पुस्तके श्वास रोखून वाचली जातात आणि काही पुस्तके, तशीच माणसे, तसेच प्रसंग आणि तसाच शेवट असूनही, अर्ध्यावर मिटावीशी वाटतात.

अलीकडे वाचलेल्या एका कादंबरीत नायिका पियानोचे सूर जुळवून देण्याचे काम करते आणि नायकाच्या घरी त्याच्या दिवंगत आईचा पियानो आहे. पहिल्या भेटीत काम करता करता ती एकदाच, तेही क्षणभर, घरघरणाऱ्या फ्रिजकडे पाहते आणि पुन्हा तारांकडे वळते. ती दुसऱ्यांदा येते तेव्हा फ्रिज बंद असतो. त्याविषयी तो काही बोलत नाही, ती काही विचारत नाही आणि लेखिकाही समजावून सांगायला मध्ये येत नाही. त्या परिच्छेदानंतर या दोघांच्या प्रेमाविषयी माझ्या मनात कसलीही शंका उरली नाही.

माझा प्रश्न असा आहे. पुस्तक अगदी नवे असते, त्याविषयी विश्वासार्ह असे फारसे काही लिहिले गेलेले नसते, तेव्हा ते असे जिवंत निघेल की नाही याचा अंदाज तुम्ही कशावरून बांधता? आणि शेवट ठाऊक असतानाही तुम्हाला खिळवून ठेवते, ते नेमके काय?

तिसरा प्रहर

पानवेडी, आपण दिलेले फ्रिजचे उदाहरण वाचून मलाही ते पुस्तक शोधावेसे वाटले. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर मला त्यातच सापडते.

मला खिळवून ठेवतो तो अडसर. पामेला रेजिस या अभ्यासिकेने 2003 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले आहेत. त्यांत प्रेमिकांची भेट, आकर्षण आणि प्रेमाची कबुली यांच्या बरोबरीने अडसराला स्थान आहे, आणि कथेचा मोठा भार हा अडसरच पेलतो असे मला वाटते. ती दोघे एकत्र का येऊ शकत नाहीत याचे कारण जितके खरे, तितके त्यांचे एकत्र येणे मोलाचे ठरते. नव्या कादंबऱ्यांमध्ये जी पुस्तके फसतात, त्यांपैकी बहुतेकांत हे कारण एका संभाषणाने मिटण्यासारखे असते. कोणीतरी अर्धवट काही ऐकते, कोणीतरी चुकीच्या क्षणी दार उघडते आणि मग दोन समंजस, शिकलेली माणसे शंभर पाने एकमेकांना काहीही विचारत नाहीत. तिथे माझा विश्वास उडतो.

गैरसमज हा अडसर म्हणून वाईटच असतो, असे मात्र माझे म्हणणे नाही. 1813 सालची जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ ही कादंबरी अजूनही या प्रकाराचा मापदंड मानली जाते आणि तिच्यातही गैरसमज आहेच. नायक डार्सी पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो ते 61 पैकी 34 व्या प्रकरणात, म्हणजे कादंबरीच्या जवळजवळ मध्यावर, आणि नायिका एलिझाबेथ त्याला स्पष्ट नकार देते. पुढच्याच प्रकरणात त्याचे पत्र येते आणि वस्तुस्थितीचा उलगडा होतो. एखाद्या दुबळ्या कादंबरीत कथा तिथेच आटोपली असती. इथे एलिझाबेथ ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते, स्वतःच्या पारखीविषयीचा तिचा अभिमान गळून पडतो आणि तिला नव्याने विचार करावा लागतो. उरलेली कादंबरी या बदलाची आहे. खरी माहिती हाती आल्यावरही जो अडसर शिल्लक राहतो, तोच खरा अडसर असे मी मानतो.

म्हणून नवे पुस्तक चाळताना मी पहिल्या दोन-तीन प्रकरणांत एवढेच पाहतो: या व्यक्तीला प्रेम नको असण्याचे स्वतःचे असे काही कारण आहे का? ते कारण तिच्या जगण्यातून आलेले आहे का? नायिका आजारी भावाची एकटीने काळजी घेत असेल आणि आपले ओझे दुसऱ्या कोणावर टाकायचे नाही असे तिने मनाशी ठरवलेले असेल, तर तो निर्णय बदलण्यासाठी पूर्ण कादंबरी लागणार, हे मला पहिल्याच प्रकरणात कळते आणि मी निश्चिंतपणे वाचायला बसतो.

अक्षरवेल

तिसरा प्रहर यांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु मी अडसराच्या आधी संवाद पाहते. अडसर कितीही भक्कम असला, तरी ती दोघे एकमेकांशी बोलताना पानावर काही घडत नसेल, तर मला पुढे वाचवत नाही. प्रत्येक नव्या पुस्तकाचा मोफत वाचायला मिळणारा सुरुवातीचा भाग मी आधी वाचते आणि त्यात दोघांची पहिली भेट असेल तर ती सावकाश वाचते. दोघांपैकी एकजण केवळ दुसऱ्याला चटपटीत उत्तर देता यावे म्हणून बोलत असेल, तर तो संवाद लेखिकेचा असतो. जेव्हा एकाच्या बोलण्यामुळे दुसऱ्याला ठरवलेले वाक्य सोडून वेगळेच काही बोलावे लागते, तेव्हा ती दोन माणसे आहेत असे मला वाटू लागते.

आजच्या प्रेमकादंबऱ्यांमध्ये एक आड एक प्रकरण नायिकेच्या आणि नायकाच्या तोंडून, प्रथमपुरुषी आणि बहुधा वर्तमानकाळात सांगण्याची पद्धत फार रूढ झाली आहे. त्यामुळे दोघांची मने वाचकाला उघडी दिसतात, आणि हे मला आवडतेही, मात्र नाव झाकून एखादे पान वाचले तर कोण बोलते आहे हे ओळखता आले पाहिजे. मी ही परीक्षा खरोखरच घेते. एकाच्या लक्षात आवाज राहत असतील आणि दुसऱ्याच्या लक्षात लोकांचे हात, एकजण वाक्य पूर्ण करत असेल आणि दुसरा मध्येच सोडत असेल, तर लेखिकेने दोघांनाही मनापासून घडवले आहे. दोघांचा आवाज सारखाच असेल, तर दोन दृष्टिकोनांचा उपयोग केवळ एकच प्रसंग दोनदा सांगण्यापुरता होतो.

आणखी एका गोष्टीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पुस्तकाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग संपला की दोघांची ताटातूट झालीच पाहिजे, असा जो पायंडा पडला आहे, त्याने कितीतरी चांगल्या कादंबऱ्यांचे नुकसान केले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत एकमेकांना नीट ओळखू लागलेली माणसे केवळ ती जागा आली म्हणून एकदम वेड्यासारखी वागू लागतात. ज्या लेखिका ही ताटातूट टाळून दोघांना एकाच बाजूला उभे करतात आणि संकट बाहेरून आणतात, त्यांची नवी पुस्तके मी डोळे झाकून घेते.

कोरेपान

मी ताटातुटीच्या बाजूने लिहितो आहे. तिसरा प्रहर यांनी ज्यांचा उल्लेख केला त्या रेजिस यांच्या आठ घटकांत, आता हे मीलन अशक्यच आहे असे वाटायला लावणारा क्षणही येतो, आणि मला तो क्षण हवा असतो. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला ‘आता हे कसे जुळणार’ असे घडीभर तरी खरेखुरे वाटले पाहिजे. मात्र ती ताटातूट आधीच्या पानांत पेरलेली असावी, या मर्यादेपर्यंत अक्षरवेल यांच्याशी माझा काहीच वाद नाही. जी भीती पहिल्या प्रकरणात दिसली, तीच शेवटाजवळ पूर्ण ताकदीने परत आली, तर मला ती जुळवून आणलेली वाटत नाही.

दुमडलेले पान

वर अनुभवी वाचकांनी आशयाविषयी लिहिले आहेच. नवे पुस्तक निवडण्यापुरत्या काही गोष्टी मी जोडते, कारण प्रकाशनाच्या पहिल्या आठवड्यांत वाचकापर्यंत जे पोहोचते त्यात पुस्तकापेक्षा त्याची जाहिरात अधिक असते.

सर्वांत आधी, ‘नवे’ म्हणून आलेले पुस्तक खरोखर नवे आहे का, हे प्रताधिकाराच्या पानावर पाहावे. लेखिकेने स्वतः प्रकाशित केलेली आणि वाचकांनी उचलून धरलेली कादंबरी पुढे एखादी मोठी प्रकाशनसंस्था नव्या मुखपृष्ठासह आणते, असे या प्रकारात वारंवार घडते. त्यात गैर काही नाही, उलट वाचकांच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, कारण अशा पुस्तकांविषयी जुन्या आवृत्तीपासूनची निवांत लिहिलेली मते उपलब्ध असतात आणि पानवेडी यांची निम्मी अडचण तिथेच सुटते. अगदी कोऱ्या पुस्तकाची सुरुवातीची मते मात्र जपून वाचावीत. त्यांतली पुष्कळशी प्रकाशनापूर्वी दिल्या जाणाऱ्या एआरसी प्रतींवर आधारलेली असतात, आणि त्या प्रती मागून घेणारे वाचक बहुधा त्या लेखिकेचे आधीपासूनचे चाहते असतात. त्यांचे प्रेम खरे असते, परंतु लेखिका नव्याने वाचणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. मी अशा मतांमध्ये तक्रारी शोधते. ‘फार संथ आहे, शंभर पानांपर्यंत काहीच घडत नाही’ असे कोणी लिहिले असेल तर मला आनंदच होतो, कारण मला स्लो बर्नच, म्हणजे सावकाश फुलत जाणारे प्रेमच, हवे असते.

मुखपृष्ठावर तर अजिबात भरवसा ठेवू नये. गेल्या काही वर्षांत छायाचित्रांच्या जागी सपाट, रंगीत चित्रे आली आहेत. तशाच हसऱ्या मुखपृष्ठाआड एखाद्या वेळी अगदी सोज्ज्वळ कथा निघते, एखाद्या वेळी पानोपानी शारीरिक जवळिकीची वर्णने निघतात, तर एखाद्या वेळी शोक आणि व्यसनमुक्तीची जड कहाणी निघते. लेखिकेने सुरुवातीलाच आशयाची पूर्वसूचना दिली असेल तर ती अवश्य वाचावी. तिच्यावरून कथेचा सूर बराचसा कळतो.

ट्रोपच्या, म्हणजे प्रेमकथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक कल्पनांच्या, याद्यांविषयी माझे मन अजून पक्के झालेले नाही. बुकटॉकच्या, म्हणजे टिकटॉकवरील पुस्तकप्रेमींच्या समुदायाच्या, प्रभावामुळे ‘आधी शत्रू, मग प्रेमी’, ‘खोटे नाते’, ‘दुसरी संधी’, ‘एकच पलंग’ अशी लेबले पुस्तकाच्या नावाआधी वाचकापर्यंत पोहोचतात. मला दुसऱ्या संधीच्या कथा फार आवडतात, त्यामुळे लेबल पाहून माझे पाऊल तिकडे वळतेच. पण चार लेबले एकत्र चिकटवलेल्या पुस्तकात अनेकदा प्रत्येक लेबलाचा एकेक प्रसंग सापडतो आणि त्यांना जोडणारे माणूस सापडत नाही. ‘शत्रू’ म्हणवणारी दोघे तर पुष्कळदा एकमेकांवर जरा चिडलेली सहकारी एवढीच असतात, आणि मग ज्या तीव्रतेसाठी मी ते पुस्तक उचललेले असते ती कधी येतच नाही.

पानवेडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आस्थेने कोणी उत्तरे लिहील असे वाटले नव्हते.

तिसरा प्रहर, माहिती मिळाल्यावरही जो उरतो तो अडसर, ही कसोटी मी आवडत्या पुस्तकांना मनातल्या मनात लावून पाहिली. पियानोच्या त्या कादंबरीत नायकाला आईचा पियानो विकायचा असतो आणि म्हणूनच तो सुरात आणवून घ्यायचा असतो. काम पूर्ण झाले की नायिकेला त्या घरी येण्याचे कारण उरणार नाही आणि त्याच्याकडे आईचे काही उरणार नाही, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. लपवलेले काहीच नाही, तरी अडसर शेवटच्या प्रकरणापर्यंत टिकतो. ते पुस्तक मला इतके का आवडले, याचा एक भाग मला आज उमगला. अक्षरवेल, त्यात ताटातूट आहे, पण ती जेमतेम दोन पानांची आहे आणि त्या दोन पानांत कोणीही कोणावर ओरडत नाही. आपल्याला ती चालेल असे वाटते.

दुमडलेले पान, प्रताधिकाराचे पान पाहण्याची सूचना मी आजपासूनच अमलात आणते आहे.

एक उपप्रश्न विचारते. ज्या मालिकांमध्ये प्रत्येक पुस्तकात वेगळी जोडी असते आणि आधीच्या जोड्या मागे ये-जा करत राहतात, त्यांतले सर्वांत नवे पुस्तक थेट वाचावे, की पहिल्यापासून सुरुवात करावी? प्रकाशक ‘स्वतंत्रपणे वाचता येईल’ असे लिहितात, परंतु आधीची जोडी सुखात आहे हे कळल्यावर त्यांची कथा वाचण्याची ओढ कमी होते का?

अक्षरवेल

माझी तरी होत नाही. शेवट तसाही ठाऊकच असतो. मी बहुधा सर्वांत नवे पुस्तक आधी वाचते, कारण लेखिकेचा हात तोपर्यंत स्थिरावलेला असतो, आणि त्यातल्या दुय्यम पात्रांपैकी जी जोडी मनात भरते तिच्या पुस्तकाकडे मागे जाते. अपवाद एवढाच, की सर्व पुस्तकांतून एखादे कौटुंबिक रहस्य हळूहळू उलगडत असेल, तर क्रम पाळावा. तसे आहे का, हे सुरुवातीच्या मोफत भागातच लक्षात येते: पहिल्या प्रकरणात पाच-सहा नावे ओळख करून न देता आली, तर पुस्तक मिटावे आणि पहिल्या भागापासून सुरुवात करावी.