फाउंडेशन बोटांनीच लावा, स्पंज-ब्रशचे लाड कशाला?

कळव्याची_मंजू
स्पष्टच लिहिते, राग मानू नका. मध्यंतरी मेकअपचा पाउच उघडला, गुलाबी स्पंज बाहेर काढला तर त्याच्यावर बारीक काळे ठिपके. आधी वाटलं काजळ लागलंय, नखाने खरवडून बघितलं तर ठिपके आतपर्यंत गेलेले. बुरशी! जुलै महिना, ओला स्पंज चेन लावून पाउचमध्ये कोंबलेला, होणारच होतं म्हणा, पण हे मी आदल्या दिवशीपर्यंत गालावर थोपटत होते या विचारानेच अंगावर काटा आला. फेकला. आणि दोन आठवडे झाले, फक्त बोटं. काही फरक पडत नाहीये! उलट फाउंडेशन कमी लागतंय, कारण स्पंज अर्धं स्वतःच पितो आणि आपण त्याचे पैसे भरतो. बोटांची ऊब लागली की स्टिकवालं जाड फाउंडेशनसुद्धा मऊ होऊन बसतं. सकाळी लोकलमध्ये डबा हलत असताना एका हातात आरसा, दुसऱ्या हाताची दोन बोटं, चार मिनिटांत काम खल्लास. ब्रशचं तर बोलूच नका, माझ्याकडे जो चपटा होता त्याने कपाळावर भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारख्या रेघा उठायच्या. माझं म्हणणं एवढंच की घरच्या वापराला हे सगळं विकायचे धंदे आहेत.

पार्लरवाली_सुजाता
मंजू, पंधरा वर्षं नवऱ्या मुली सजवतेय म्हणून लिहिते. रेघा उठल्या कारण तो चपटा ब्रश तू रंग ओढल्यासारखा ओढलास. दाट केसांचा, गोल किंवा सपाट डोक्याचा बफिंग ब्रश घे, सिंथेटिक केसांचा, आणि छोटे छोटे गोल फिरव, मग सांग. आणि बोटांनी काय होतं माहितीये का, गालाच्या मधोमध छान बसतं पण जबड्याची कड, कानाजवळ, नाकाच्या बाजूची खाच आणि केसांची रेघ, इथे चार जागी बोटाच्या कडेने ते ढकललं जातं आणि गोळा होतं. आरशात समोरून कळत नाही, फोटोत बाजूने कळतं. मुंडावळ्या बांधल्यावर कपाळाच्या कडेचा तो पट्टा असा उठून दिसतो की विचारू नकोस. दुसरं, हल्लीची जी 'दिवसभर टिकणारी' लिक्विड फाउंडेशनं आहेत ती पटकन वाळतात, त्यातला पातळ भाग उडून जातो आणि वर पापुद्रा धरतो. अख्ख्या तोंडाला ठिपके देऊन बोटांनी सावकाश पसरवत बसलीस तर दुसऱ्या गालापर्यंत पोचेस्तोवर पहिला सुकलेला असतो. ब्रशने हात भरभर चालतो.

कळव्याची_मंजू
ताई, मग एकेक गाल घेऊन लावायचं ना! सगळे ठिपके आधी द्यायला सांगितलंय कोणी. 😄 आणि एक राग आहेच मनात, नाव नाही घेत, पण नणंदेच्या लग्नात पार्लरवालीने एकच ओला स्पंज आम्हा पाच जणींच्या तोंडावरून फिरवला. चौथा नंबर माझा. पुढचा आठवडाभर हनुवटीवर पुटकुळ्या होत्या, आता त्या स्पंजमुळेच आल्या असं काही मी शपथेवर सांगणार नाही, पण माझी बोटं निदान माझीच आहेत.

पार्लरवाली_सुजाता
ती बाई चुकलीच, बाजू घेणार नाही तिची. प्रत्येकीला वेगळा स्पंज, आणि बाटलीतून थेट तोंडावर नाही, आधी स्टीलच्या प्लेटवर काढायचं. पण तो स्पंजचा गुन्हा नाही.

सूक्ष्मजीव_सायली
स्पंजचा गुन्हा किती याचा थोडा हिशोब आहे बरं का. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ॲस्टन विद्यापीठाने लोकांनी वापरलेले मेकअपचे प्रॉडक्ट गोळा करून तपासले होते, लिपस्टिक, मस्कारा, स्पंज वगैरे. सगळ्यात जास्त जंतू निघाले ते ब्युटीब्लेंडरसारख्या अंड्याच्या आकाराच्या स्पंजमध्ये. त्यातले ९३ टक्के कधी धुतलेच नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. ओल, त्वचेचा तेलकटपणा, मेलेल्या पेशी, वर बंद पाउच, जंतूंना आणखी काय हवं? तेही इंग्लंडच्या थंडीत, आपल्या कोकणपट्टीतल्या पावसाळ्याचं काय सांगावं.

पुणेरी_काकू
९३ टक्के धुतले नव्हते. म्हणजे दोष न धुणाऱ्यांचा. आमच्याकडे भांड्यांचा स्पंजही रोज पिळून उन्हात ठेवतात.

कळव्याची_मंजू
काकू, तेच तर म्हणतेय मी! हात आपण दिवसातून दहा वेळा धुतो, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

पुणेरी_काकू
नखांखालचं धुता का? तुम्हीच लोकलमध्ये लावते म्हणालात. दांडा धरून उभं राहायचं, मग तीच बोटं गालावर.

कळव्याची_मंजू
…काकू जिंकल्या. सॅनिटायझर ठेवते पर्समध्ये, पण मान्य, रोज आठवतंच असं नाही.

रंगपटातला_बंडू
नाटकांची रंगभूषा करतो, हौशी. इथे सगळे स्पंज म्हणजे काल आलेलं खूळ असल्यासारखं बोलतायत म्हणून मध्ये पडतो. १९३० च्या दशकाच्या शेवटी मॅक्स फॅक्टर या मेकअप कंपनीने रंगीत सिनेमासाठी पॅनकेक काढला, फाउंडेशनची वडीच असते ती, ती ओल्या स्पंजनेच लावायची. आपल्या रंगपटात आजही पाण्याची वाटी, चपटा स्पंज आणि पॅनकेकची डबी हेच असतं. ते गुलाबी अंडं नंतरचं, री ॲन सिल्व्हा नावाची अमेरिकन मेकअप आर्टिस्ट टीव्ही मालिकेच्या सेटवर काम करायची, एचडी कॅमेऱ्यापुढे तिकोनी स्पंजच्या कडेची रेघ दिसू नये म्हणून तिने कोपरे कापून गोल केले, त्यातून २००३ साली ब्युटीब्लेंडर आला. म्हणजे भानगड कॅमेऱ्याची आहे. नाटकात तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला रेघ दिसत नाही, तिथे मी तिसरी घंटा व्हायच्या आत खुशाल बोटांनी फासतो. पण वयस्क नटाच्या डोळ्याखाली मात्र ओलाच स्पंज, बोटाने ओढलं की रंग सुरकुतीत जाऊन बसतो आणि माणूस दहा वर्षांनी म्हातारा.

नागपूरची_निकू
तुमचं मुंबई-कोकणचं ओल्याचं दुखणं वेगळं, आमच्याकडे मे महिन्यात ओला स्पंज तोंडापर्यंत न्यायच्या आत वाळतो बाप्पा. आणि कोरडा स्पंज म्हणजे फाउंडेशन पिणारा राक्षस, मंजूताई तुमचा स्पंज पीत होता तो तुम्ही नीट भिजवत नव्हता म्हणून. आधी पाण्यात फुगू द्या, मग टॉवेलमध्ये दाबून पिळा, थेंब पडला नाही पाहिजे, नुसता गारवा लागला पाहिजे. आधीच पाण्याने भरला की मग फाउंडेशन कमी ओढतो, साधं आहे. आणि घासायचा नाही, थोपटायचा! मी तरी कूलरसमोर बसून स्पंजच वापरते, माझी स्किन कोरडी, ब्रश फिरवला की नाकाजवळची सालटं उभी राहतात.

मनगट_दुखतंय
वय ५८, संधिवात. बोटाची टोकं दाबली की कळ येते आणि अंडं चिमटीत धरवत नाही. जाड दांड्याचा ब्रश मुठीत धरता येतो. याचा विचार कोणी केला नाही म्हणून लिहिलं, बाकी चालू द्या.

पार्लरवाली_सुजाता
काकू, दांड्याला रबरबँड गुंडाळा चार-पाच वेढे, अजून सोपं जाईल, घसरत नाही.

तेलकट_कपाळ
मला वेगळंच विचारायचंय, बोटांनी लावलं की खालचं सनस्क्रीन शेवयांसारखं निघून येतं. कोणाला होतं का?

नागपूरची_निकू
सनस्क्रीन मुरू द्या दहा-पंधरा मिनिटं, आणि चोळू नका. तुम्ही चोळताय, पक्कं. थोपटलं की शेवया नाही येणार, बोट असो की स्पंज.

कळव्याची_मंजू
बरं ऐका. रविवारी सुजाताताईंनी सांगितला तसा गोल दाट ब्रश आणला आणि खिडकीजवळ बसून डावा गाल बोटांनी, उजवा ब्रशने केला. नवऱ्याला विचारलं काही फरक दिसतोय का, तो म्हणाला कशात. लेकीने मात्र लगेच सांगितलं, आई इकडे कानापाशी पिवळी रेघ आहे. डाव्या बाजूला. म्हणजे जबड्याची कड ताईंची, तेवढी दिली. पण डोळ्याखाली आणि नाकावर बोटच छान होतं, ब्रशने तिथे फिक्कट डाग राहिले, त्यामुळे मी पूर्ण काही हरलेली नाही. रोजचं बोटांनी आणि कड ब्रशने, असं ठरवलंय सध्या. ब्रश शाम्पूने धुतला आणि पेल्यात उभा ठेवलाय वाळायला.

पार्लरवाली_सुजाता
केस वर करून?? अगं आडवा ठेव आधी! पाणी खाली दांड्यात उतरतं, गोंद सुटतो आणि महिन्याभरात केस गळायला लागतात.

कळव्याची_मंजू
थांबा, उठते.