बोलणं उशिरा येतंय? आधी कान तपासा
वरती एकांनी लिहिलंय की डाउन सिंड्रोमची मुलं उशिराच बोलतात, घाई करू नका, वाट बघा. उशिरा बोलतात हे खरंच, पण नुसती वाट बघत बसू नका, आधी कान तपासून घ्या. आम्हालाही 'वाट बघा' असंच सांगितलं होतं आणि त्यात दीड वर्ष गेलं. लेक ३ वर्षांची झाली तरी 'आई', 'पापा' आणि 'दे' एवढंच, ते पण अर्धवट. एक दिवस ती ओट्याकडे पाठ करून वाट्या रचत बसली होती, मागे कुकरची शिट्टी झाली, मी दचकले आणि तिने मान पण वळवली नाही. दुसऱ्याच दिवशी ईएनटीकडे नेलं, टिंपॅनोमेट्री केली (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणारी तपासणी, दुखत नाही, दोन मिनिटांचं काम), तर दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साचलेलं.

या मुलांची नाकामागून कानात जाणारी नळी अरुंद असते त्यामुळे पाण्याचा निचरा होत नाही, आणि बऱ्याचदा ना ताप ना ठणका, म्हणून कळतच नाही. जन्मानंतरची कानाची टेस्ट नॉर्मल होती म्हणून आम्ही निर्धास्त, पण हे पाणी नंतरही साचतं. शेवटी ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या) बसवले. लगेच बोलायला लागली असं नाही, स्पीच थेरपी चालूच आहे, पण गॅलरीत कावळा ओरडला की आता बोट दाखवून 'काव' म्हणते. लहान असेपर्यंत दर ६ महिन्यांनी कान आणि वर्षातून एकदा थायरॉइड, कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.