राशोलच्या सेमिनरीबद्दल थोडी भर

दक्षिण गोव्यातील राशोलच्या सेमिनरीला, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाला, कुणी गोव्यातील सर्वांत जुने ख्रिस्ती विद्यालय म्हणते; पण तो मान जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजचा, कारण त्याची सुरुवात १५४०च्या दशकातली. राशोलची सेमिनरी मुळात गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील जेझुइटांचे (‘सोसायटी ऑफ जीझस’ या कॅथलिक धर्मसंघाच्या सदस्यांचे) कॉलेज; ते आधी मडगावात होते. पुढे ते जुवारीकाठच्या राशोल किल्ल्याच्या आश्रयाला आले आणि सध्याच्या इमारतीची पायाभरणी १६०६ साली होऊन १६१०च्या सुमारास ती उभी राहिली.

वास्तूचा प्राण तिच्या चौकात आहे. भोवती जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचे दुमजली सोपे, खाली भूमिगत पाण्याची टाकी, आणि इमारतीला लागूनच संत इग्नेशियसचे चर्च, त्यामुळे निवास, अध्ययन आणि उपासना एकाच आवारात चालत असे. बाहेरून ती विद्यालयापेक्षा गढीच अधिक वाटते, असे माझे मत.

मराठी वाचकाला मात्र इथला छापखाना अधिक जवळचा वाटावा, कारण जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तकथा सांगणारे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली इथेच, तेही रोमन लिपीत, छापले गेले. १७५९मध्ये पोर्तुगीज सत्तेनेच जेझुइटांना हद्दपार केले; त्यानंतर लवकरच येथे धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील, सेमिनरी सुरू झाली आणि धर्मगुरूंचे शिक्षण आजही तिथे चालते.